कारवीची आठ वर्षे, शेकरूची एक सकाळ

भीमाशंकरच्या रानात शेकरू पाहायला गेलेला माणूस दिवसभर मान वर करून चालतो. त्याच्या कोपराला, खांद्याला आणि वाट अरुंद झाली की थेट गालाला जी खरखरीत पाने घासत असतात, ती कोणाची आहेत हे पाहण्याची सवड त्याला होत नाही. मीही पहिल्या काही फेऱ्यांत तशीच चालले. ती पाने कारवीची आहेत हे मला नावापुरते ठाऊक होते. पण माझ्या लेखी कारवी म्हणजे शेकरूपर्यंत पोहोचताना हाताने बाजूला सारायची दाटी होती. एकदा मात्र असे झाले की, सकाळपासून मी ज्या शेकरूच्या मागावर होते ते उन्हे चढल्यावर एका जाड फांदीवर पोट टेकून, चारही पाय दोन्ही बाजूंना सोडून निवांत पडले, आणि ते पुन्हा हलेपर्यंत तिथून उठायचे नाही असे मी ठरवले. दोन तासांहून अधिक वेळ वर काहीही घडले नाही. अवघडलेली मान आपोआप खाली आली आणि नजर समोरच्या उतारावर स्थिरावली. त्या उतारावर कारवीखेरीज दुसरे काही नव्हते. एकाच उंचीच्या, एकाच जाडीच्या आणि, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, एकाच वयाच्या हजारो काठ्या तिथे उभ्या होत्या. वर एकटा जीव आणि खाली ही गर्दी, यांच्यामधली तुलना त्या दुपारी माझ्या मनात सुरू झाली आणि ती अजून चालूच आहे.

कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवरचे झुडूप, अबोली, कोरांटी आणि अडुळसा यांच्या कुळातले. तिचे शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. ग्रीक भाषेत स्ट्रोबिलोस म्हणजे शंकू आणि अँथोस म्हणजे फूल. फुलण्यापूर्वीचे तिचे कणीस पाहिले की हे नाव किती नेमके आहे ते कळते. पण ते कणीस दिसण्यासाठी फार वाट पाहावी लागते. पाऊस लागला की कारवीला पाने फुटतात, लांबट, दातेरी काठाची, हाताला खरखरीत लागणारी. श्रावणापर्यंत तिचे रान इतके गच्च होते की, आत शिरलेल्या माणसाला दोन हातांपलीकडचे दिसत नाही. पावसाळा सरला की हे सारे ओसरते आणि उरतात त्या वाळल्यासारख्या दिसणाऱ्या गाठाळ काठ्या. उन्हाळ्यात त्या पाहणाऱ्याला वाटावे की झुडूप मेले. पुढच्या पावसात ते पुन्हा हिरवे होते. असे सात पावसाळे जातात, आणि आठव्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे, सगळा उतार एकदम जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून जातो. मधमाश्यांचा तो हंगाम असतो. कारवीचा मध वेगळा ओळखला जातो. फुले सरतात, बोंडे धरतात, आणि मग कारवी खरोखर मरते. एखादे झुडूप मागे राहिले, एखाद्याने आणखी एक वर्ष पाहिले, असे क्वचित घडते. सर्वसाधारणपणे अख्खी पिढी एकत्र फुलते आणि एकत्र संपते. मेलेल्या काठीवरची बोंडे मात्र तशीच राहतात. हिवाळा, उन्हाळा ती वाळत उभी असतात, आणि पुढच्या वर्षीचा पहिला पाऊस अंगावर पडला की चट् चट् आवाज करीत तडकतात आणि बिया दूर भिरकावतात.

शेकरूचे आयुष्य असे थोडक्यात सांगता येत नाही, कारण त्याच्या आयुष्यात एवढा मोठा एकच प्रसंग नसतो. ते रोजच्या लहान लहान कामांनी भरलेले असते. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जगात फक्त भारतात आढळतो. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो जवळजवळ एक मीटर भरतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक लांबी बऱ्याचदा शेपटीचीच असते. वजन दीड-दोन किलो. पाठीचा रंग तांबूस तपकिरी, पोट पिवळसर पांढरे, आणि या भागातल्या शेकरूच्या शेपटीचे टोक फिकट, त्यामुळे पानांच्या अंधारात आधी ते टोक हललेले दिसते आणि मग प्राणी दिसतो. शेकरू जमिनीवर फारसे उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना ते सहा मीटरपर्यंतची झेप घेते. त्या झेपेआधी ते फांदीच्या टोकाकडे येऊन क्षणभर थांबते, शरीर आखडून घेते, आणि त्या थांबण्यात त्याने काही तरी मोजलेले असते याची मला दर वेळी खात्री वाटते. खाताना ते पुष्कळदा मागच्या पायांनी फांदीला धरून डोके खाली करून लोंबकळते आणि पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून ते फिरवत कुरतडते. अशा वेळी शेपटी फांदीच्या पलीकडच्या बाजूला पडलेली असते आणि तोल सांभाळत असते. फळे, बिया, फुले, साल, कधी किडे आणि पक्ष्यांची अंडी हे त्याचे अन्न. ते सकाळी खाते, दुपारी विसावते, संध्याकाळी पुन्हा खाते आणि अंधार पडण्यापूर्वी घरट्यात शिरते. एका शेकरूची अशी अनेक घरटी असतात. काटक्या आणि पाने गुंफून केलेले ते मोठे गोल घरटे उंचावरच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात असते, जिथे जड शिकारी प्राण्याला पोहोचणे अवघड जावे.

आता या दोन जीवांना शेजारी ठेवून पाहावे, तर पहिला फरक सर्वांना दिसतो तोच: एक हलतो, दुसरी हलत नाही. मला हा फरक पुरेसा वाटत नाही. कारवीही हलते, पण ती वाढीच्या रूपाने हलते. तिचे शरीर टोकांशी वाढते. शेंड्याशी, फुटव्याशी, मुळाच्या अग्राशी ती सतत नवी होत असते, आणि जुने शरीर मागे तसेच ठेवून पुढे जात असते. शेकरूचे शरीर ठरावीक आकाराला पोहोचले की थांबते. दोन डोळे, चार पाय, एक शेपटी. त्यांत भर पडत नाही, आणि एखादा अवयव गमावला तर तो परत येत नाही. कारवीचा शेंडा कुणी खाल्ला तर बगलेतून दुसरा फुटतो. तरी शेकरूच्या शरीरात झुडपासारखी न थांबता वाढणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे त्याचे पुढचे पटाशीचे दात. कुरतडणाऱ्या सगळ्या प्राण्यांचे हे दात जन्मभर वाढतात, आणि कुरतडून झिजवले नाहीत तर त्या प्राण्याचेच खाणे बंद पडते. अंजनाची किंवा हिरड्याची साल सोलणारे शेकरू पाहताना मला हे आठवते. वाढत राहणे हा झाडाचा धर्म, आणि तो शेकरूच्या तोंडात चार दातांपुरता शिल्लक राहिलेला आहे.

रंगांचेही तसेच आहे. कारवीच्या पानातले हरितद्रव्य आणि शेकरूच्या रक्तातले तांबडे द्रव्य यांच्या रेणूंचा गाभा एकमेकांशी विलक्षण जुळतो. दोन्हींत नायट्रोजनचे अणू एका कड्यात बसलेले असतात आणि कड्याच्या मधोमध धातूचा एक अणू धरलेला असतो. पानात तो मॅग्नेशियमचा असतो, रक्तात लोहाचा. वनस्पती आणि प्राणी यांच्या वाटा शंभर कोटी वर्षांहूनही आधी वेगळ्या झाल्या, आणि तरी एकीचा हिरवेपणा आणि दुसऱ्याचा तांबडेपणा एकाच साच्यातून निघालेला आहे. एकीने त्या साच्याने ऊन पकडले, दुसऱ्याने प्राणवायू वाहिला. ऊन पकडता येत असल्यामुळे कारवीला कुठेही जावे लागत नाही, आणि पाऊस नसलेले आठ महिने ती जवळजवळ बंद राहून काढू शकते. शेकरूचे रक्त उष्ण आहे. ती ऊब टिकवण्यासाठी त्याला रोज खावे लागते, रोज खाण्यासाठी वर्षभर कुठल्या ना कुठल्या झाडाला काही तरी लागलेले असावे लागते, आणि त्या झाडांपर्यंत फांद्यांची वाट अखंड असावी लागते. उंबर, जांभूळ, आंबा, हिरडा यांचे हंगाम एकामागून एक येतात, आणि शेकरूची हद्द म्हणजे या हंगामांचे त्याच्या स्मरणात बसलेले वेळापत्रकच असते असे मला वाटते.

ज्या प्रश्नापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले तो प्रश्न वेगळा आहे. एक शेकरू म्हणजे काय, हे मला समजते. उजव्या कानाची कड फाटलेले एक शेकरू मी एका हिवाळ्यात तीन वेगवेगळ्या दिवशी पाहिले आणि तिन्ही वेळा मला ते ओळखू आले. त्याची झाडे ठरलेली होती, दुपारची फांदी ठरलेली होती. ते मेले असते तर त्या झाडांवर त्याची जागा रिकामी झाली असती. पण एक कारवी म्हणजे काय? मी एकाच झुडपाजवळ बसून त्याचे निरीक्षण करण्याचा प्रयत्न करून पाहिला, आणि दर वेळी माझी नजर निसटून उतारावर पसरली. एकट्या काठीत कारवी पूर्ण दिसत नाही. ती एकट्याने फुलली तर ते फुलणे वाया जाण्याचीच शक्यता अधिक. तिला उतार लागतो, आणि तो उतार पाहायला आठ वर्षे लागतात.

मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८ मध्ये फुलली, नंतर २०१६ मध्ये आणि त्यानंतर २०२४ मध्ये. सह्याद्रीत सगळीकडे हीच वर्षे लागू पडत नाहीत. एका डोंगरावरची कारवी एका वर्षी फुलते, तर पलीकडच्या डोंगरावरची दुसऱ्या वर्षी. बोरिवलीच्या डोंगरावर मी २०१६ च्या सप्टेंबरात गेले होते आणि २०२४ च्या सप्टेंबरात त्याच जागी पुन्हा गेले. दृश्य तेच होते, रंग तोच, मधमाश्यांचा गुंजारव तोच, आणि मी सोबतच्या मुलीला सहजपणे म्हणाले, ‘ही बघ, तीच कारवी.’ म्हणून झाल्यावर मला जाणवले की हे खरे नव्हते. २०१६ मध्ये मी ज्या झुडपांसमोर उभी होते त्यांतले बहुधा एकही आता तिथे नव्हते. समोर होती ती त्यांच्या बियांतून आलेली पिढी, जी मधल्या सगळ्या वर्षांत तिथे काठ्यांच्या रूपात उभी होती आणि जिच्याकडे पाहायला मी एकदाही आले नव्हते. दोन भेटींच्या मधल्या काळात माझी मुलगी पहिलीतून नववीत गेली होती. ती म्हणाली, ‘म्हणजे यांची आई तू पाहिलीस, आणि यांना मी पाहिलं.’ शेकरूच्या बाबतीत असे वाक्य बोलण्यासाठी विशिष्ट मादी आणि विशिष्ट पिल्लू ओळखावे लागले असते. कारवीच्या बाबतीत ते सबंध डोंगराबद्दल खरे होते.

सगळ्यांनी मिळून इतकी वर्षे थांबायचे आणि मग एकदम फुलायचे, यात कारवीचा लाभ काय, याचे एक उत्तर मला पटते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनिएल जॅन्झन यांनी १९७६ मध्ये बांबूच्या दीर्घ फुलचक्राविषयी लिहिताना ते मांडले. बी खाणारे जीव पुष्कळ असतात. झाडे दर वर्षी थोडे थोडे बी देत राहिली, तर त्या थोड्या बियांवर खाणाऱ्यांची संख्या कायम पोसली जाते आणि फारसे काही उरत नाही. उलट, वर्षानुवर्षे काहीच दिले नाही आणि मग एकाच हंगामात बियांचा पूर आणला, तर खाणाऱ्यांचे पोट भरूनही बी शिल्लक राहते. अमेरिकेतले तेरा आणि सतरा वर्षांनी एकदम जमिनीबाहेर येणारे सिकाडा किडे याच रीतीने जगतात. कारवीची केरळ-तमिळनाडूतली बहीण नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते; मुन्नारच्या डोंगरांवर ती २००६ मध्ये आणि नंतर २०१८ मध्ये फुलली होती. या युक्तीत एक कडक अट आहे. कोणी एकट्याने वेगळे वागायचे नाही. जे झुडूप वर्षभर आधी किंवा वर्षभर उशिरा फुलते, त्याच्या बियांना गर्दीचे संरक्षण मिळत नाही, आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वेळ पाळणाऱ्यांचेच वंशज मागे राहिलेले आहेत. कारवीचा मृत्यूही याच युक्तीचा भाग असावा. आठ वर्षे साठवलेले सगळे ती एका फुलोऱ्यात खर्च करते; जगत राहण्यासाठी काही मागे ठेवत नाही.

शेकरूची रीत याच्या नेमकी उलट आहे. मादी एका वेळी एक किंवा दोन पिल्ले देते. ती घरट्यात उघड्या अंगाची, मिटल्या डोळ्यांची असतात, आणि आई त्यांना दूध पाजते. झुडपाजवळ दूध नाही. बीमध्ये जे अन्न भरून ठेवायचे ते एकदाच, मरण्याच्या आधी, आणि नंतर त्या बीचे काय झाले हे पाहायला झुडूप उरत नाही. शेकरूची मादी आपले अन्न रोज थोडे थोडे पिल्लाच्या अंगात घालते आणि त्यासाठी तिला स्वतः जिवंत राहणे भाग असते. तिने स्वतःला सांभाळणे हेही पिल्लाचे संगोपनच असते. एकदा मी एका मादीला तोंडात हिरव्या पानांची डहाळी धरून घरट्याकडे चार वेळा जाताना पाहिले. प्रत्येक वेळी ती घरट्याच्या तोंडाशी थांबली, चहूकडे पाहिले आणि मगच आत शिरली. ते पाहताना मला कारवीची बोंडे आठवली, मेलेल्या आईच्या हातात धरल्यासारखी आठ-नऊ महिने पहिल्या पावसाची वाट पाहणारी. तीही काळजीच आहे असे मी मानते, जरी काळजी करणारे कोणी तिथे उरलेले नसले तरी.

आपण माणसे मात्र या दोघांकडे सारख्या नजरेने पाहत नाही. शेकरूला डोळे आहेत आणि ते आपल्याकडे पाहतात, एवढ्यानेच ते आपल्या मनात घर करते. त्याच्या रक्षणासाठी १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सीमांवरचे सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे रान आज शेकरूच्याच नावाने ओळखले जाते. त्याची घरटी मोजली जातात, त्यांवरून संख्येचा अंदाज बांधला जातो. हे सगळे योग्यच आहे आणि ते आणखी व्हावे असे मला मनापासून वाटते. पण त्याच रानाच्या तळाशी कारवी उभी असते, पावसाचा मारा अंगावर घेऊन उतारावरची माती धरून ठेवते, आणि तिची आठवण फक्त फुलांच्या वर्षी येते. डोंगरातल्या लोकांचे तसे नाही. कुडाच्या भिंतीसाठी तिच्या सरळ, हलक्या, चिवट काठ्या वापरणाऱ्यांना ती दर वर्षी ठाऊक असते. बाहेरून येणारे आम्ही मात्र आठ वर्षांतून एकदा गर्दी करतो, फुलांत उभे राहून छायाचित्रे काढतो आणि त्या भरात पुष्कळ झुडपे पायाखाली मोडतो. बी धरण्याआधी मोडलेली ती काठी सात वर्षे वाढलेली असते.

दोघांवरची संकटेही त्यांच्या त्यांच्या मापाची आहेत. शेकरूचे संकट अंतराचे आहे. रस्त्यासाठी किंवा विजेच्या तारांसाठी रानातून रुंद पट्टा साफ केला की झाडांची शेंडेमिळवणी तुटते, आणि सहा मीटर झेप घेणाऱ्या प्राण्याला बारा मीटरची फट म्हणजे एक तर जमिनीवर उतरून धोका पत्करणे किंवा त्या बाजूचे रान कायमचे सोडणे. हे नुकसान त्याच आठवड्यात दिसते. घरटी रिकामी होतात. कारवीचे संकट काळाचे आहे. तिसऱ्या वर्षी उतार खणला, पाचव्या वर्षी वणवा गेला, तरी नेमके काय गेले हे फुलांच्या वर्षापर्यंत कोणाला कळत नाही, आणि तेव्हा ते आठवणारा माणूसही तिथे असेलच असे नाही. मला अलीकडे वाटते की वनस्पतींची नोंद ठेवणाऱ्याने प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्यापेक्षा अधिक चिकाटी बाळगायला हवी. त्याच्यासमोर काहीही घडत नसलेली सात वर्षे असतात आणि त्या प्रत्येक वर्षी त्याने तिथे जाऊन काठ्या उभ्या आहेत एवढेच लिहायचे असते. मी गेली काही वर्षे एका उतारासाठी असे लिहिते आहे. वहीतल्या नोंदी सगळ्या एकसारख्या आहेत.

त्यांतली एक नोंद तेवढी निराळी आहे. भीमाशंकरच्या एका कड्यावरची कारवी आदल्या वर्षी फुलून गेली होती आणि मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे होते. काठ्या करड्या पडल्या होत्या, हात लावला की मोडत होत्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला वाळलेल्या बोंडांचे झुपके होते. दुपारी चारच्या सुमारास ढग उतरले आणि पाऊस आला. पहिल्या काही मिनिटांत फक्त पावसाचाच आवाज होता. मग जवळच एक चट् झाले, पलीकडे दुसरे, आणि थोड्याच वेळात सगळा उतार तडतडू लागला. बिया माझ्या छत्रीच्या कापडावर येऊन आदळत होत्या. वरच्या अंजनाच्या फांदीवर एक शेकरू होते. त्याने शेपटी पाठीवरून डोक्यापर्यंत उलटी ओढून घेतली होती आणि त्या आडोशाखाली दोन्ही हातांत काही तरी धरून ते खात होते. आवाज वाढला तेव्हा त्याने खाणे थांबवले, मान कलती केली, खाली उताराकडे पाहिले आणि बराच वेळ तसेच पाहत राहिले.